‘पोरीसुद्धा चढतात’

‘सुद्धा’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय. ज्या शब्दाला ते जोडावे त्याचे सामान्यरूप होत नाही, शब्द होता तसाच राहतो, असे आपण वर्गात शिकवतो. रूपापुरते ते खरे आहे. पण स्त्रियांच्या खेळाविषयी बोलताना हे अव्यय जिथे चिकटते तिथे किंमत बदलते. आणि ती बदलते कौतुकाच्या सुरात, म्हणून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मला त्याची प्रचीती आली ती घाटघरला. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या माथ्यालगतचे हे गाव. जवळच जीवधन किल्ला, आणि किल्ल्याच्या कड्यापासून सुटून उभा असलेला साडेतीनशे-चारशे फुटांचा वानरलिंगीचा सुळका. काहीजण त्याला खडा पारशी म्हणतात. प्रस्तरारोहण करणाऱ्या एका चमूबरोबर मी गेले होते, चढायला नव्हे, बघायला; कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या दिवशी आघाडीला चढणार होती. आघाडीला चढणे म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे. मागून येणाऱ्यांना वरून दोराचा आधार असतो. आघाडीवरच्या माणसाचा दोर त्याच्या पायाखाली असतो. शेवटच्या मेखेपासून तो जितका वर गेला असेल, निदान त्याच्या दुप्पट तो पडला तर खाली येतो. ती अशी चढत होती. एके ठिकाणी बराच वेळ ती बोटभर खाचेवर उभी राहिली, एकेक हात सोडून झटकत होती. मग वर गेली. माझ्या शेजारी दुर्बीण घेऊन बसलेले एक जुनेजाणते, मनाने सज्जन गृहस्थ म्हणाले, “वानरलिंगी आता सोपी झाली हो मॅडम. पोरीसुद्धा चढतात.”

या वाक्यात तिची निंदा कुठेही नाही. पण हिशेब पाहा. चढाई तिच्या खात्यावर जमा होण्याऐवजी कातळाच्या खात्यातून वजा झाली. तिच्यामागून वरच्या दोराच्या आधाराने दोन मुलगे चढले, तेव्हा सुळका काही अधिक सोपा झाला नाही.

(थोडे विषयांतर. घाटघरहून नाणेघाटाच्या लेण्यात जाता येते. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांची आणि दक्षिणांची लांबलचक यादी. लेख जागोजागी तुटला आहे, त्यामुळे हे यज्ञ नेमके कोणी केले यावर अभ्यासकांत मतभेद झाले. स्त्रीला यज्ञाचा अधिकारच नाही, तेव्हा ते राजाचेच असले पाहिजेत, हा त्यातला एक युक्तिवाद. तो बरोबरही असेल. पण पुराव्याआधी अधिकार तपासण्याची ही रीत ओळखीची वाटते.)

आल्प्समधल्या ग्रेपाँ शिखरावर १९२९ साली मिरियम ओब्रायन आणि विनिफ्रेड मार्पल्स या दोघी पुरुषांच्या सोबतीविना चढून आल्या. त्यावर एतिएन ब्रूल या फ्रेंच गिर्यारोहकाने खेद केला तो असा, की ग्रेपाँ आता नाहीसा झाला. दोन बायकाच जाऊन आल्यावर कोणता स्वाभिमानी पुरुष तिथे पाऊल ठेवील? पुढे १९९३ मध्ये लिन हिलने अमेरिकेतील एल कॅपिटान या कड्यावरची ‘नोज’ ही वाट मुक्त चढाईने, म्हणजे दोर केवळ पडल्यास सावरण्यापुरता ठेवून, पार केली. त्याआधी कोणत्याही पुरुषाला ते साधले नव्हते. इथे ‘सुद्धा’ला जागाच नव्हती. तेव्हा तिची बोटे बारीक, म्हणून फटीत जातात, असा खुलासा निघाला. ती जेमतेम सव्वापाच फुटांची. दूरच्या पकडी तिच्या आवाक्यात नसणार, याचा विचार त्या खुलाशात नव्हता. उंच पुरुषाचा हात लांबवर पोहोचतो, त्याला मात्र आपण कौशल्य म्हणतो.

प्रश्न शरीराचाच असेल तर बुद्धिबळात तो उद्भवू नये. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या बहिणी महिलांची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवत होत्या, तोवर सारे सुरळीत होते. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. वय अवघे तेरा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष माक्स युवे यांना द्यावा लागला. पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये ती आशियाई महिला विजेती झाली. मला तिच्या विजेतेपदांहून त्या गदारोळाचे अधिक कुतूहल आहे. पटावर बारीक बोटांचा काय उपयोग?

घाटघरहून आल्यावर मी एम. ए.च्या वर्गाला एक काम दिले. महिला खेळाडूंवरच्या बातम्या आणायच्या आणि त्यांतले ‘सुद्धा’, ‘चक्क’, ‘पुरुषांनाही लाजवेल असे’ खोडून उरलेला मजकूर वाचायचा. एकीने एका धावपटूची बातमी आणली होती. खोडाखोड झाल्यावर तिचे गाव, वडिलांचा व्यवसाय आणि आईचे अश्रू एवढे उरले. शर्यत किती मीटरची होती आणि तिने ती किती वेळात पूर्ण केली, हे त्या बातमीत आधीपासूनच नव्हते.