दिवाळीत नको, एप्रिलात ये

मेढा, ता. जावळी, जि. सातारा

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि करिबा सरोवराचे बोटीतून काढलेले फोटो मिळाले. पाण्यात उभ्या वठलेल्या झाडावरचा मत्स्यगरुड, काठावर पाणी पिणारे हत्ती, नुसते कान आणि नाकपुड्या वर काढून बसलेले पाणघोडे. आतोबांनी ते फोटो आळीभर फिरवून दाखवले. आता मुलांनी विचारलंय की आत्याआजीच्या गावाला अशी बोट आहे का, आणि तू लिहितेस की दिवाळीत आलो तर त्यांना फिरवशील का. एका ओळीत उत्तर दिलं असतं तर मुलांची फसगत झाली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

बोट आहे, आणि ती आपल्याच तालुक्यात आहे. मेढ्याहून डोंगर चढून कासच्या पठारावर यायचं आणि पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात उतरायचं, की बामणोली. पुढे रस्ता संपतो आणि कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, सुरू होतो. इथून नाहीतर वर तापोळ्याहून लाँच मिळते. ती तास-दीड तासात वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला मेट इंदवलीला सोडते. पलीकडचा काठ सगळा कोयना अभयारण्याचा. ते 1985 साली जाहीर झालं, 2010 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. म्हणजे कागदावर तुमच्या करिबाकाठच्या मातुसादोना उद्यानाच्या तोडीस तोड. तरीही मुलांना दिवाळीत लाँचमध्ये बसवलं तर त्यांना दिसेल पाणी, डोंगर आणि वासोट्याला निघालेली आरडाओरडा करणारी पोरं. जनावर एकही नाही.

का, ते सांगते. तुझे फोटो पाहताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की तुमचं सरोवर आणि आमचं सरोवर एकाच तऱ्हेने झालं आहे. दोन्ही धरणाची. झांबेझीवरचं करिबा 1959 साली पुरं झालं, आणि आमच्याकडे साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी चढायला लागलं. आकाराचं म्हणशील तर करिबापुढे शिवसागर म्हणजे ओंजळभर. त्याची साठवण 105 टीएमसी, आणि करिबा साठवणीत जगातलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित सरोवर. पण पाण्याच्या वजनाने दोन्हीकडची जमीन हलली. करिबाजवळ 1963च्या सप्टेंबरात सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला आणि आमच्याकडे 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनानगर पडलं. धरणामुळे झालेल्या भूकंपांचा विषय निघाला की ही दोन नावं शास्त्रज्ञ आजही जोडीने घेतात.

माणसंही दोन्हीकडे उठली. तिकडे सुमारे 57,000 टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. करिबाचं पाणी चढताना बेटांवर अडकलेली जनावरं वाचवायला रूपर्ट फॉदरगिल आणि त्याच्या माणसांनी होड्या घातल्या. ‘ऑपरेशन नोआ’ म्हणतात ते हेच. 1958 ते 1964 या काळात सहा हजारांवर जनावरं काढली, आणि त्यांतली पुष्कळशी सोडली ती तुमच्या मातुसादोनातच. त्या मोहिमेची पुस्तकं निघाली. टोंगांना कोरड्या माळावर नेऊन सोडलं त्याचं इतकं कौतुक कुणी केलं नाही. गाइडने नदीचा देव न्यामिन्यामी कोपल्याची गोष्ट सांगितली, असं तू लिहिलंस. पुढच्या खेपेला त्याला एवढंही विचार, की आज बोट चालवणाऱ्यांत टोंगा किती आहेत.

आमच्या इथली गोष्ट तुला थोडीफार ठाऊक आहे. आतोबांचं आजोळ पाण्याखाली आहे. खोऱ्यातली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशी पांगली. जी काठाला वर सरकून राहिली, त्यांतल्या पलीकडच्या कित्येकांना पुढे अभयारण्याने उठवलं. मेट इंदवली आज गाव नाही, वनखात्याचं ठाणं आहे. पुनर्वसनाचं अजून पुरतं मिटलेलं नाही. 2018 साली डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले, तेव्हा पहिल्या पिढीतले म्हातारे होते आणि त्यांचे नातूही. जे मागे राहिले त्यांच्यातले बरेच आज लाँच चालवतात. म्हणून मी लाँचच्या भाड्यात घासाघीस करत नाही, आणि तूही करू नकोस.

आता जनावरांचं. करिबाचं पाणी उतरलं की काठाला हिरवं गवत फुटतं. त्या गवतासाठी रानरेडे आणि हत्ती उघड्यावर येतात, आणि तुम्हाला बोटीतून दिसतात. इथेही चाल तीच आहे, फक्त वेळ वेगळी. दिवाळीला धरण काठोकाठ असतं, पाणी थेट झाडीला लागलेलं. आत रानात चारा आणि ओहोळ असताना गवा कशाला बाहेर येईल? पुढे वीजनिर्मितीसाठी कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जात राहतं. फाल्गुन-चैत्रापर्यंत पातळी खूप खाली येते. मग झाडी आणि पाणी यांच्यामध्ये लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. कुठे जुन्या घरांची जोती दिसतात, कुठे बांध. ओल धरलेल्या जागी कोवळं गवत येतं. वरचे ओहोळ आटलेले असतात, तेव्हा प्यायला याच पाण्यावर यावं लागतं.

अशा एका सकाळी गावातल्या जाणत्या बोटवाल्याबरोबर आम्ही गेलो होतो. उजाडता उजाडता त्याने एका खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं आणि बांबूने लाँच रेटत काठाला नेली. आधी त्याने चिखल दाखवला. गव्याचे रुंद खूर, त्यांच्या आत पिल्लाचे छोटे. बाजूला भेकराची नाजूक जोडखुरं. एका खडकावर पाणमांजराची विष्ठा, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि माशांचे खवले मिसळलेली. ती हातातल्या काडीने फोडून त्याने आम्हाला दाखवली आणि म्हणाला, ‘रातचीच हाय.’ मग आम्ही गप्प बसलो. नदीसुरय पाण्यावरून फेऱ्या मारत होते, वर सर्पगरुडाची शीळ चालली होती. बऱ्याच वेळाने झाडीतून आधी एक सांबराची मादी आली, कान फिरवत उभी राहिली, आणि मग तिच्यामागून दोन. गुडघाभर पाण्यात उतरून प्यायल्या. तेवढ्यात लांब कुठेतरी स्पीड बोटीचा आवाज उठला. बोट अजून दिसतही नव्हती, पण पाण्यावरून आवाज पार पोचतो. सांबरं एका उडीत झाडीत गेली. बोटवाला काही बोलला नाही, त्याने विडी पेटवली.

मला सांगायचंय ते हेच. 2024 साली याच जलाशयाच्या काठी मुनावळ्याला सरकारचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. वेगाच्या बोटी आल्या, गर्दी आली, पोरांना कामं मिळाली. त्याला नावं ठेवणारी मी नाही. ज्यांच्या शिवारावर हे पाणी उभं आहे त्यांना त्यातून चार पैसे मिळालेच पाहिजेत. पण एवढ्या लांबलचक जलाशयात सगळ्यांनी एकाच तऱ्हेने कशाला कमवायचं? खेळ एका टोकाला राहू देत. अभयारण्याच्या काठाने सकाळी फक्त हळू चालणाऱ्या बोटी सोडाव्यात, मोजक्याच, आणि त्यांवर माग ओळखणारा गावचाच माणूस. वनखातं वासोट्याला जाणाऱ्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घेतं. तसा आवाजावरही नियम करायला काय हरकत आहे? तुमच्याकडे लोक विमानाचं भाडं भरून येतात ते गप्प बसायला मिळतं म्हणून. आमच्याकडे गप्प बसण्याचे पैसे अजून कुणी लावलेले नाहीत, आणि जाणत्या बोटवाल्याचं नुकसान होतं ते तिथेच.

मुलांना काय काय नाही तेही आधीच सांगून ठेव. हत्ती नाहीत, पाणघोडे नाहीत. मगर बघायची असेल तर सांगलीकडे कृष्णाकाठी नेईन, तिथे त्या आहेत. वाघ आहे, पण तो बोटीतून दिसण्याची आशा धरू नका. 2023च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात एक वाघ आला, तो आधी राधानगरीत टिपलेला होता. 2025च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. एवढं रान सलग आहे, हे राधानगरीहून आलेल्या त्या वाघाच्या चालीवरून मुलांना नकाशावर बोट ठेवून समजावता येईल. बोटीतून दिसलंच तर गवा, सांबर, भेकर, फांदीवरचं शेकरू, नशीब असेल तर पाणमांजर. काठावर एखादं सांबर मेलेलं दिसलं तर मुलांनी घाबरू नये. कोळसुंदे सांबराला पाण्यात रेटून मारतात.

तेव्हा दिवाळीचा बेत रद्द कर आणि मुलांच्या सुट्टीचं एप्रिलात बसतं का बघ. वनखात्याची परवानगी, लाँच, बोटवाला सगळं आतोबा बघतील. येताना दुर्बीण आण. मुलांना मळकट रंगाचे कपडे घाल. आणि लाँचमध्ये पाय ठेवला की बोटवाल्याला पहिलं वाक्य हे म्हण, ‘मामा, आम्हाला घाई नाही, इंजिन बंद करा.’ गिऱ्हाइकांनी मागितलं तरच ही रीत रुजेल.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या