मागे कोण थांबणार?



आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गुलमंडी नावाचा एक चौक आहे. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. नाव असं सुगंधी, पण आज तिथे उभे राहिलात तर नाकाच्या आधी कानांना काम लागतं. पैठण गेटकडून येणारा रस्ता, औरंगपुऱ्याकडून येणारा, सिटी चौकाकडे जाणारा, सगळे इथे एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात. दुकानं, हातगाड्या, रिक्षा आणि त्यातून वाट काढणारी माणसं! शनिवारी सुपारी हनुमानाच्या दर्शनाला गर्दी होते आणि रुईच्या पानांचे हार विकणाऱ्या बायका कडेला टोपल्या मांडून बसतात.

इथून हाकेच्या अंतरावर एका गल्लीत मी राहतो आणि मुलांना गणित शिकवतो. रात्री दुकानांची शटरं खाली आली, रस्ता जरा मोकळा झाला, की कधी कधी एक घोळका यायचा. पाच-सहा मोटारसायकली, एकेकीवर तिघं तिघं. सायलेन्सरमधून फटाके फोडत पैठण गेटपासून सुटायचं आणि सिटी चौकापर्यंत पहिलं कोण पोचतं ते पाहायचं. ही मुलं वाईट होती असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यातली तिघं-चौघं माझ्याच शिकवणीला यायची. एकेकटी भेटली की अगदी गरीब! वडिलांच्या गाडीवर एकटाच जाणारा मुलगा चौकात कसा सांभाळून वळतो, तेही मी पाहिलेलं आहे.

मग सगळे मिळून निघाले की काय होतं?

एका शनिवारी रात्री जे व्हायचं तेच झालं. रस्त्यात एक हातगाडी आडवी आली. पहिल्या गाडीने ब्रेक मारला, दुसरी कशीबशी बाजूने निसटली, तिसरीला मात्र जागाच उरली नाही. ती कडेला टोपली आवरत असलेल्या हारवाल्या मावशींवर गेली. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा मावशी मनगट धरून बसल्या होत्या आणि गाडीवर मधे बसलेला मुलगा रस्त्यावर आडवा पडला होता. एका दुकानदाराने आणि एका रिक्षावाल्याने दोघांना घाटी रुग्णालयात नेलं. बाकीच्या गाड्या? त्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना एकेकटं गाठून विचारलं, "का रे, थांबला का नाहीत?"

सर्वांत पुढे असलेला म्हणाला, "सर, मला वाटलं मागचे थांबतील."

मागचा म्हणाला, "पुढचे कुणीच वळून आले नाहीत. मग वाटलं, फार काही झालं नसेल."

आणि ज्याच्या मांडीच्या हाडात सळई घालावी लागली, तो मधे बसलेला मुलगा हळूच म्हणाला, "सर, मी तर गाडी चालवतच नव्हतो!"

पाहा, तिघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. घोळक्याचं नेमकं हेच दुखणं आहे. वेग सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. पडणारा मात्र एकटा पडतो. मावशींचा हात दोन महिने प्लास्टरमध्ये होता. हार गुंफणं हे तर सारं बोटांचंच काम. तो मुलगा दहावीची परीक्षा पुढच्या वर्षी देऊ शकला.

तुम्ही म्हणाल, "सर, ही तुमच्या गल्लीतली गोष्ट झाली." तर आता अमेरिकेतली ऐका. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ खेळ खेळायला दिला, काहींना एकटं आणि काहींना मित्रांसमोर. मित्र बघत असले की १३ ते १६ वर्षांची मुलं दुप्पट धोका पत्करत होती. कॉलेजच्या वयाची मुलं दीडपट. मोठ्या माणसांत मात्र फरकच पडला नाही. म्हणजे मुलांना धोका कळत नाही असं नाही. मित्रांचे डोळे पाठीवर असले की तो लहान वाटू लागतो, एवढंच!

धोका लहान वाटला म्हणून तो लहान होत नाही, बरं का. घ्या वही-पेन्सिल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी साधारण १० मीटर. एकूण २१, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढं अंतर. आता वेग दुप्पट करा, ८०. तुम्हाला वाटेल, अंतरही दुप्पट होईल. नाही! ब्रेक दाबेपर्यंतच २२ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर थांबायला ४० लागतात, कारण वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं. एकूण तीन खेळपट्ट्या! आणि घोळक्यात तर पुढची गाडी तुमच्यापासून जेमतेम दोन-तीन मीटरवर असते. आता सांगा, ती तिसरी गाडी थांबणार तरी कशी?

आणखी एक हिशेब. ताशी ६० च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणं. गच्चीच्या कठड्यावर मित्रांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी तुम्ही उडी माराल का? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती. सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

म्हणजे मित्रांबरोबर गाडीवरून जाऊच नये का? तसं मी म्हणत नाही. मोटारसायकल ही मोठी छान वस्तू आहे. आमच्या शहराजवळच्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि तिथल्या कामावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. गाड्यांवरून लांबचा प्रवास करणारे अनुभवी गटही असतात. ते कसे जातात ठाऊक आहे? एकामागे एक चिकटून नाही, तर थोडे डावी-उजवीकडे, दोन सेकंदांचं अंतर राखून. वेग ठरवतात तो गटातल्या नवख्याला झेपेल असा. आणि सर्वांत मागे एक पक्का अनुभवी स्वार ठेवतात. त्याचं काम एकच, कुणी पडलं, कुणाची गाडी बंद पडली, तर थांबायचं. कोण थांबणार हे निघण्याआधीच ठरलेलं असतं. याला म्हणतात सोबत. आमच्या रस्त्यावर सुटायची ती नुसती झुंड.

कायदाही माहीत असू द्या. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी मोटारसायकल चालवता येत नाही. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि हल्लीच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वर आहेत. गाडीवर चालवणारा आणि मागे एक, बस्स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे मजा तुमची आणि तुरुंग मित्राच्या दादाला!

याच दुरुस्तीत एक चांगली गोष्टही आहे. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही. त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. म्हणून कुणी पडलेलं दिसलं तर घाबरून पळू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. आणि हेल्मेट उगाच ओढून काढू नका, मानेला इजा झालेली असू शकते.

आता राहिला तो मधे बसणारा. तुमच्यातले बहुतेकजण आज तरी तिथेच बसत असतील. "मी चालवत नव्हतो" हे खरं, पण तोंड तर मोकळं होतं ना? "थांब, मला उतरव," एवढे तीनच शब्द. म्हणायला फार जड जातात, मला ठाऊक आहे. मित्र हसतील, "भित्रा" म्हणतील. दोन दिवस म्हणतील आणि विसरतील. आणि गंमत अशी, की एकाने म्हटलं की पुष्कळदा दुसराही सुटकेचा श्वास टाकतो. तोही कुणीतरी बोलण्याचीच वाट पाहत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाड्या सुरू झाल्या की निघण्याआधी मोठ्याने एकच प्रश्न विचारा, "कुणी पडलं तर मागे कोण थांबणार?" उत्तर आलं, तर हेल्मेट घाला आणि सावकाश जा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, तर सरळ उतरा आणि चालत घरी या.