फेसाचे नाते

धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये असतो, घरी स्टाउट बिअर बनवतो. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला : "दादा, फेस साईसारखा धरत नाही. वायू कोणता घेऊ?" मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर. सांगितले, निव्वळ कार्बन डायऑक्साइड सहज विरघळतो. बुडबुडे मोठे आणि चव झोंबरी होते. नायट्रोजन जेमतेम विरघळतो. नळातल्या बारीक छिद्रांतून दाबाने येताना त्याचे सूक्ष्म बुडबुडे होतात, आणि हवेतही मुख्यतः तोच असल्याने ते चटकन विरत नाहीत. मात्र एकट्या नायट्रोजनने पेय मचूळ लागेल. म्हणून सुमारे ७५ टक्के नायट्रोजन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गिनेसमध्ये मायकेल ॲश या गणितज्ञाने १९५९ साली नायट्रोजनची ही वाट दाखवली.

फोन ठेवला आणि गडमुडशिंगीचा गोठा आठवला. आबा म्हशीची धार काढत, चरवीत फेस चढे; गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या पेल्यावर चढतो तसाच. त्या फेसात हवाच, म्हणजे ७८ टक्के नायट्रोजन.

'घरात दारू गाळतो' म्हणून आबा शेवटची तीन वर्षे धाकट्याशी बोलले नाहीत. दोघांच्या पेल्यांवर एकच वायू तरंगत होता, हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले.