लॅमिंग्टन रोडवरील एक दुपार

पुण्याहून मुंबईस जाणें आम्हांस संकटच वाटतें. पण या खेपेचें संकट आमचें आम्हींच ओढवून घेतलेलें. आमच्या घरीं वडिलांनीं १९६२ सालीं घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. तो एकाएकीं मुका झाला. पाठ उघडून पाहतों तों पांच नळ्यांपैकीं चार मंद तेवत होत्या, पांचवी काळोखी. येथेंच थांबतों तर बरें होतें! परंतु स्वच्छतेची हौस आडवी आली. ती नळी आम्हीं ओल्या फडक्यानें पुसली, आणि साठ वर्षें टिकलेलें तिचें नांव क्षणांत फडक्यावर आलें. पाठीवरील कागद वाळवीनें पूर्वींच खाल्लेला. नव्वदीच्या मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "आतां लागायचा नाहीं का रे तो?"

नळी कापसांत गुंडाळून निघालों. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेस हा रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळांतील गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव त्यास मिळालें. पुढें तो डॉ. भडकमकर मार्ग झाला, पण पत्ता विचारतांना जुनेंच नांव कामीं येतें. दुकानें तारांनीं व कॅमेऱ्यांनीं भरलेलीं. "व्हॉल्व्ह" म्हणतांच तरुण मंडळी हंसली. अखेर एकानें जिन्यावरच्या एका वृद्ध कारागिराकडे बोट दाखविलें.

त्यांनीं नळीचे नऊ पाय मोजले, मीटर लावून तार तुटल्याची खात्री केली आणि म्हणाले, "ईएल८४ किंवा यूएल८४. मास्तर, ही विझली तेव्हां बाकीच्या पेटत होत्या ना?"

"होत्या."

"मग ईएल."

आम्ही चकित! त्यांनीं कडा झिजलेलें माहितीपुस्तक पुढें केलें. पहिलें अक्षर तापणाऱ्या तारेचें: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअर, व त्या नळ्या माळेसारख्या एकामागें एक जोडतात. एक तुटली कीं सगळ्या विझतात. 'एल' म्हणजे ध्वनीस जोर देणारा पेंटोड, आणि ८ हा नऊ पायांचा. अमेरिकन पुस्तकांत हीच ६बीक्यू५. यूएल८४ ला ४५ व्होल्ट लागतात. ती आमच्या रेडिओंत थंडच बसली असती. आम्हांस पाणिनीचे प्रत्याहार आठवले. एका 'अच्'मध्यें सारे स्वर मावतात, तसें हें! व्याकरण शिकविण्यांत हयात गेली, पण हें सूत्र काचेवर लिहिलेलें असून आम्हीं तें वाचण्याआधींच पुसलें.

एका खोक्यांतून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची जुनी, न वापरलेली नळी निघाली. ती देतांना त्यांनीं बजावलें, "हिच्या दुसऱ्या पायाशीं येणारा कंडेन्सर आधीं बदला, चारशें व्होल्टांहून कमीचा नको. जुना गळूं लागला कीं ही तापून लाल होईल व मरेल." तो नसता कळला तर पुन्हां हीच वारी!

घरीं ओळखीच्या कारागिराकडून कंडेन्सर बदलून घेतला, मग नळी बसविली. अर्ध्या मिनिटानें खरखर झाली, आणि मातोश्री माळ खालीं ठेवून खुर्ची जवळ ओढूं लागल्या. पांचही नळ्यांचीं नांवें आतां पेटीच्या आंतील बाजूस लिहून ठेविलीं आहेत. फडकें मात्र मातोश्रींच्या आज्ञेनें दुसऱ्या खोलींत असतें.