लेखाला कल्हई

आम्ही लिहितो, हे आमच्या मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक होते. आमचे लिहिलेले कोणी वाचत नाही, हे मात्र फक्त आम्हाला आणि अब्बांना ठाऊक होते.

1993 साली आमचा पहिला मोठा लेख एका वार्षिकात छापून आला. विषय होता मुस्लिम समाज आणि परिवर्तनाची दिशा. पाने 9, तळटिपा 22. 'परिप्रेक्ष्य', 'अंतर्विरोध', 'अभिसरण' असले शब्द आम्ही त्यात मूठमूठ पेरले होते. अंकाच्या दोन प्रती घरी आल्या. अम्मीने एक प्रत ट्रंकेत, ईदच्या कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवली. दुसरी अब्बांनी वाचायला घेतली. अब्बांचे शिक्षण चौथीपर्यंतचे; पण रोजचा पेपर ते पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचत. तीन आठवड्यांनी पाहिले, तर खूण म्हणून ठेवलेली बसची तिकीट अजून तिसऱ्याच पानात होती. आम्ही धीर करून विचारले. ते म्हणाले, "अच्छा लिख्या है बेटा. पर इसमें है कौन?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या 9 पानांत समाज होता, वर्ग होते, प्रवृत्ती होत्या. माणूस एकही नव्हता.

दोष आमचाच होता. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. फकरुद्दीन बेन्नूर सरांसारखी मंडळी त्यासाठी राबत होती. आपले घर, आपली बोली, आपली गल्ली मराठीत आली पाहिजे, हा विचार आम्ही तिथून घरी घेऊन आलो. भारावून गेलो होतो. पण घर लिहायचे म्हणजे घरात बघायचे, एवढे साधे आम्हाला कळले नाही. आम्ही ग्रंथालयात जाऊन बसलो आणि 'घर' या विषयावर टिपणे काढू लागलो.

अब्बांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही वाचण्याची पद्धत बदलली. लेखक काय सांगतो यापेक्षा तो आपल्याला धरून कसा ठेवतो, हे पाहू लागलो. अनिल अवचटांचे लेख पुन्हा काढले. 1969 साली त्यांचे 'पूर्णिया' आले. त्यात ते दुष्काळी बिहारमध्ये स्वतः जातात, हिंडतात, विचारतात. पुढच्या लेखांतही तेच. हमाल असो, विडी कामगार असो, तो दिवसाला किती मिळवतो, काय खातो, कुठे झोपतो, हे ते आधी विचारतात. मत मागून येते, कधी येतही नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आम्ही शाळेत धड्यापुरती वाचली होती. आता सबंध वाचली. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घरातल्यांचे काय हाल होत, ते बाई हसतहसत सांगतात. एकही सिद्धान्त न मांडता तो सगळा काळ आपल्याला कळतो. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' वाचताना तर ओट्यावर बसून कोणी खाला आपल्याशी बोलते आहे असे वाटले.

या वाचनातून आम्ही आमच्यापुरते तीन नियम काढले. पहिला, लेखात कोणीतरी असावे. दुसरा, ते माणूस जे काम करते ते कसे करते, हे वाचकाला समोर बसल्यासारखे दिसावे. तिसरा, आकडा आला तर त्याच्या शेजारी ताट, भाडे किंवा शाळेची फी असावी. नुसता आकडा वाचकाच्या डोक्यातून निसटतो. 'त्यात दोन किलो ज्वारी येते' म्हटले की तो तिथे थांबतो.

आणि माणूस शोधायला लांब जावे लागले नाही. आमचे धाकटे चाचा कल्हईवाले होते.

ज्यांच्या घरी पितळेची पातेली होती त्यांना कल्हईचे महत्त्व सांगायला नको. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, त्याला हिरवट रंग चढतो, आणि असे ताक पोटात गेले तर माणूस आजारी पडतो. चाचा जमिनीत वीतभर खड्डा करीत, त्यात कोळसा पेटवीत आणि कातडी भात्याने वारा घालीत. आधी भांडे घासून लखलखीत करायचे. मग चिमट्यात धरून तापवायचे. तापले की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठायचा आणि नाकाला झोंबायचा. लगेच कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून सगळीकडे पसरायचे. डोळ्यांदेखत पिवळे भांडे चांदीसारखे व्हायचे. शेवटी पाण्यात बुडवले की चर्रर्र आवाज. लहानपणी या आवाजासाठी आम्ही तासन्‌तास बसत असू.

कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे 1085 अंशांना. म्हणूनच भट्टीवर कथील पातळ होते आणि भांडे शाबूत राहते. चाचांना हे आकडे माहीत नव्हते. ते भांड्याला कांडी टेकवून पाहत आणि म्हणत, "अभी नई पकड्या." दोन भाते मारून पुन्हा टेकवत. तेव्हा धरायचे.

2001 साली आम्ही चाचांवर लेख लिहिला. सुरुवात धुरापासून केली. काम कसे चालते ते सांगितले. स्टीलची भांडी घरोघर आली आणि गल्लीतली हाक कशी कमी होत गेली, ते लिहिले. इथपर्यंत सारे ठीक होते. मग आम्ही शेवटाला आलो, आणि शेवट काही केल्या जमेना. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे, असे आम्हाला वाटत होते. म्हणून आम्ही लिहिले की एके संध्याकाळी चाचांनी आमच्या दादीच्या हंड्याला शेवटची कल्हई केली, भाता गुंडाळून माळ्यावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून ते रडले.

लेख गाजला. 40 च्या वर पोस्टकार्डे आली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिले की शेवट वाचून त्या रात्री जेवण गेले नाही. आम्ही ती पत्रे सुतळीने बांधून ठेवली. अब्बांनी या खेपेला लेख एका बैठकीत वाचला आणि काहीच न बोलता चष्मा पुसत बसले. आम्हाला वाटले, गहिवरले असतील.

चौथ्या दिवशी चाचा घरी आले. हातात अंक होता. चहाला नको म्हणाले. उभ्याउभ्याच बोलले, "क्या रे, मेरा जनाजाच उठाया तूने तो. मैं कब रोया? और भाता माळे पे किसने डाल्या?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. लेखात थोडे असे करावे लागते, वाचकाला धरावे लागते, वगैरे.

तेव्हा चाचांनी हिशेब सांगितला. घरची भांडी येणे बंद झाले होते हे खरे. पण लग्नसराईत बिर्याणीच्या तांब्याच्या देगा येत होत्या. शेजारच्या गावचा बावर्ची दरवर्षी 5 देगा देत असे. एका देगेचे दीडशे रुपये. त्याच्या मुलाने कॉलेजात आमचा लेख वाचला आणि घरी जाऊन सांगितले की कल्हईवाले चाचा बसले, आता धंदा करीत नाहीत. बावर्चीने देगा दुसरीकडे टाकल्या. साडेसातशे रुपये गेले. आम्हाला त्या लेखाचे मानधन 200 रुपये मिळाले होते.

आम्ही खिशात हात घातला. चाचांनी आमच्याकडे असे पाहिले की हात तसाच खिशात राहिला. "पैसा नको," ते म्हणाले. "तेरेकू मैं सब दिखाया, सब सिखाया. जो दिखाया वो लिखता."

ते गेल्यावर अब्बा म्हणाले, "मेरेकू मालूम था. बोलनेको जीभ नई उठी."

हा प्रसंग आम्ही पुष्कळ वर्षे कोणाला सांगितला नाही. आज सांगतो आहोत, कारण आमच्याकडे हस्तलिखिते घेऊन येणारी मुलेमुली हुशार आहेत आणि वाचक कसा ओढावा हे त्यांना आमच्यापेक्षा फार लवकर समजते. पहिल्या ओळीत चटका कसा द्यावा, संवाद कुठे टाकावा, परिच्छेद कुठे तोडावा, हे त्यांना येते. त्या कौशल्याला आम्ही नावे ठेवणार नाही. रुक्ष लिहिणे हा काही प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. आमचा 22 तळटिपांचा लेख त्याची साक्ष आहे. पण कथा-कादंबरीतला माणूस पुस्तक मिटले की पुस्तकातच राहतो. आपल्या लेखातला माणूस दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. त्याच्याबद्दल लिहिलेली एक खोटी ओळ त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत जाते, त्याच्या मुलीच्या सासरी जाते. आपल्या समाजावर बाहेरच्यांनी कल्पनेने पुष्कळ लिहिले, अशी तक्रार आपण नेहमी करतो. आम्ही घरातले असून तेच केले होते.

आम्ही दुसरा लेख लिहायला घेतला. या वेळी चाचांच्या शेजारी बसून लिहिला. शेवट बनवायचा नाही असे ठरवले होते, म्हणून घाई नव्हती. त्या निवांतपणात चाचांनी एक गोष्ट दाखवली, जी पहिल्या वेळी आम्ही ऐकून घेतलीच नव्हती. त्यांनी कथलाची एक बारीक कांडी आमच्या कानाजवळ धरली आणि वाकवली. करकर असा बारीक आवाज आला. "असल कथील रोता है," ते म्हणाले. मग शिसे मिसळलेली कांडी वाकवली. ती गुमान वाकली. तीच कागदावर ओढली तर करडी रेघ उमटली. शिसे स्वस्त असते, आणि काही कारागीर ते कथलात मिसळतात. पण ते अन्नातून पोटात जाते आणि शरीराला विषासारखे असते. चाचांनी आयुष्यभर कांडी कानाशी वाकवूनच विकत घेतली होती. रडणारे कथील घरात असताना आम्ही चाचांना खोटे रडवले होते. आमचा दुसरा लेख या आवाजापासून सुरू झाला.

लेखाच्या वरच आम्ही लिहिले की मागच्या अंकातल्या तीन गोष्टी खोट्या होत्या: दादीचा हंडा, माळ्यावरचा भाता आणि चाचांचे रडणे. संपादकांनी विचारले, एवढे कबूल करण्याची गरज आहे का? आम्ही म्हटले, आहे. या लेखाला पत्रे आली 6. त्यातले एक रागाचे होते. माझी फसवणूक झाली, असे त्या मुख्याध्यापकांनीच लिहिले होते. आम्ही त्यांना क्षमा मागणारे पत्र पाठवले. पुढे ते आमचे नेहमीचे वाचक झाले.

2006 साली आमचे धंद्यांवरचे छोटे पुस्तक निघाले. त्यासाठी आम्ही एकच शिस्त पाळली. प्रत्येक प्रकरण ज्याच्यावर आहे त्याला आधी सबंध वाचून दाखवायचे. 12 प्रकरणे लिहून झाली होती. त्यातले विडी वळणाऱ्या एका आपांचे प्रकरण सर्वांत जमले होते. हजार विड्यांमागे मजुरी, तेंदूची पाने भिजवण्यापासून पुडके बांधण्यापर्यंतचा दिवस, सारे त्यात होते. आणि नवऱ्याने केलेली मारहाण होती. आपांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "सब सच है भाई. पर लडकी का रिश्ता चल रहा है." नाव बदलतो म्हटले, तर म्हणाल्या, "गली तो वहीच है ना?" मारहाण काढून पाहिली, तर उरले ते अर्धेच सत्य वाटले. आम्ही प्रकरणच मागे घेतले. पुस्तक 11 प्रकरणांचे निघाले. ते प्रकरण असते तर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली असती, असे प्रकाशक अजून म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे असेलही. ती वही आमच्याजवळ आहे. चुकलो की बरोबर केले, हे आम्हाला आजही नक्की सांगता येत नाही.

चाचा 2011 साली गेले. त्यांच्यावरचा दुसरा लेख छापायला देण्याआधी आम्ही त्यांना वाचून दाखवला होता, ती दुपार आठवते. त्यांनी डोळे मिटून ऐकले. कथलाच्या आवाजाशी मान हलवली. संपल्यावर म्हणाले, "ठीक है. पता कहां है?"

"कसला पत्ता, चाचा?"

"दुकान का. बावर्ची लोगां पढेंगे ना?"

लेखाच्या शेवटी आम्ही पत्ता घातला: मशिदीच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर, लग्नसराईत सकाळी 8 पासून. संपादकांना ती जाहिरात वाटली, पण त्यांनी ती ओळ ठेवली. त्या सराईत शेजारच्या तालुक्यातून 3 देगा आल्या.