ठेवू?

परवा नातीने मला पेचात पकडले. "आजोबा, 'हँग' म्हणजे टांगणे ना? मग फोन बंद करण्याला 'हँग अप' का म्हणतात? फोन कोण टांगतं?"

तिच्या जगात 'हँग' होतो तो संगणक. पण एके काळी लोक फोन खरोखरच टांगत असत. ग्रॅहॅम बेलला १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरी भिंतीवर लाकडी पेट्या आल्या. पेटीच्या भोंग्यात बोलायचे, वायरीला जोडलेले नळकांडे कानाशी धरायचे आणि बोलणे आटोपले की ते पेटीच्या बाजूच्या आकड्याला अडकवायचे. त्याच्या वजनाने आकडा खाली जाई आणि बोलण्याचा मार्ग तुटे. नळकांडे उचलले, की आकडा वर! म्हणजे टांगणे हीच बंद करण्याची कळ. कोट खुंटीला टांगण्याचा शब्द आयताच हाताशी होता, तो टेलिफोनला चिकटला.

आपण मराठी माणसे अक्कल खुंटीला टांगतो, पण फोन नाही. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच आले. मात्र आमच्यासारख्यांच्या घरात फोन शिरला तो वर्षानुवर्षे नंबर लावल्यावर, टेबलावरचा काळा ठोकळा होऊन. म्हणून आपण तो 'ठेवतो', असा माझा आपला तर्क. आणि ठेवण्यापूर्वी विचारतो, "ठेवू?"

इंग्रजीत 'हँग अप'पुढे एवढासा 'ऑन' आला, की समोरच्याचे बोलणे तोडून फोन आपटला असा अर्थ होतो. तो पराक्रम मी १९८३ साली केला. गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी जुंपली होती. "तुझ्या कॉलेजच्या फिया कोणी—" एवढे तो म्हणाला आणि मी रिसीव्हर असा आदळला, की सौ. हातातली पळी घेऊन बाहेर आली.

त्यानंतर पाच महिने फोन वाजे, पण दादाचा नसे. गणपतीलाही मी गावी गेलो नाही. रोज रिसीव्हर उचलायचा, दोन आकडे फिरवायचे, पुन्हा ठेवायचा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घंटी वाजली.

"मी बोलतोय. आंघोळ झाली का?"

"झाली."

"वहिनीने चकल्या पाठवल्यात."

"बरं." मग धीर करून विचारले, "दादा, त्या दिवशी तुझं वाक्य अर्धं राहिलं."

"राहू दे." पलीकडे जरा शांतता. "ठेवू?"

"नको," मी म्हणालो. "थांब जरा."