पाण्याची वाट

सुट्टीत मुंबईला जाणाऱ्या मंडळींची यादी ठरलेली असते. राणीचा बाग, गेटवे, चौपाटीवरची भेळ, सिद्धिविनायक, आणि मुलांच्या हट्टाखातर म्हातारीचा बूट. या यादीत वावगं काहीच नाही. पण मैत्रिणींनो, यंदा जमलं तर आणखी एक गोष्ट पाहून या. ज्या बहिणीकडे किंवा नणंदेकडे उतराल, तिच्या मोरीतला नळ! हसू नका. त्या नळातलं पाणी कुठल्या वाटेनं आलं, हे पाहत पाहत मुंबईत शिरा. शहर निराळंच दिसू लागतं.

नाशिक, जळगाव, भुसावळकडून येणाऱ्यांना ही वाट आयती सापडते. गाडीनं कसाऱ्याचा घाट उतरला की खिडकीशी बसा. खर्डी, आटगाव, आसनगाव अशी स्टेशनं लागतात. मेलगाडी इथे थांबत नाही, म्हणून आपलंही लक्ष जात नाही. पण हाच शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा आणि भातसा ही धरणं इथलीच. मोडक सागर आणि मध्य वैतरणा याच डोंगरपट्ट्यातली, तर ऊर्ध्व वैतरणा घाटावर, नाशिक जिल्ह्यात. मुंबईच्या हद्दीतली विहार आणि तुळशी धरली की सात तलाव पुरे झाले. पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रं रोज या सातांची पातळी छापतात आणि घरोघरी ती वाचली जाते.

आता याच तालुक्यातली दुसरी बाजू. उन्हाळा तापला की शहापुरातल्या कितीतरी गावांना आणि पाड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागतं. धरण डोळ्यांसमोर, आणि बाई मात्र डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चाललेली! असं कसं, म्हणाल. पाणी धरणात खोल, पाडे डोंगरावर, आणि मोठे नळ धरणातून निघतात ते थेट मुंबईकडे. वाटेवरच्या गावाला त्यातलं पाणी मिळायचं तर वेगळी योजना लागते, वेगळा पैसा लागतो आणि तो मागणारं कुणीतरी लागतं. या गावांसाठी इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना हाती घेतली गेली, ती मुंबईला पाणी जाऊ लागल्यावर कित्येक दशकांनी. एवढं खिडकीतून पाहिलंत तरी नणंदेच्या घरी नळ उघडा सोडायला हात धजणार नाही.

तानसा, वैतरणेचं पाणी उतारानं आपोआप वाहत येतं. भातसेचं तसं नाही. ते पिसे इथे पंपांनी उचलावं लागतं, मग पांजरापूरला शुद्ध होतं. म्हणजे इथे पाण्याला विजेचा हात धरावा लागतो, आणि तो हात सुटला की काय होतं ते २०२४ च्या फेब्रुवारीत दिसलं. पिशाच्या केंद्रात रोहित्राला आग लागली आणि मुंबईभर पाणीकपात करावी लागली. आग कुठे, आणि बादली रिकामी कुठे!

गाडी ठाण्याच्या पुढे आली की भांडुप लागतं. इथलं जलशुद्धीकरण केंद्र देशातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी लागतं. शहरातून जाणारे काही नळ इतके रुंद, की आत माणूस ताठ उभा राहील. झोपड्यांना लागून, रस्त्यांखालून, खाडीजवळून ते गेलेले आहेत. कित्येक ठिकाणी नळ उशाशी आणि त्यातलं पाणी मात्र परक्याचं, अशी अवस्था.

एवढ्या लांबून पाणी आणायची पाळी का आली? जुनी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. वस्ती वाढली तशा विहिरी अपुऱ्या पडू लागल्या. मग १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरचं धरण, ज्याला अभियंता मोडक यांचं नाव दिलं. अगदी अलीकडचं मध्य वैतरणा २०१४ चं. शहर वाढत गेलं तसतसं पाणी लांबलांबून आणावं लागलं. तरी पाऊस लांबला की हिशेब कोलमडतो. २०२४ च्या जूनमध्ये तलाव खालावले तेव्हा १० टक्के कपात झालीच.

आता म्हातारीच्या बुटाकडे वळू. मुलं बुटात चढतील, तोवर समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये एक फेरी मारा. फिरोजशहा मेहता उद्यान हे त्याचं खरं नाव. त्या हिरवळीखाली काय आहे, ठाऊक आहे? पाण्याची प्रचंड टाकी! एकोणिसाव्या शतकातली. टेकडीवर पाणी साठवायचं आणि उतारानं खालच्या वस्तीला सोडायचं, ही तिची रीत. ती पाडून नवी बांधायची असा घाट घातला गेला, तेव्हा २०२३ मध्ये रहिवासी झाडांसाठी उभे राहिले. दुरुस्ती होणार नाही का, असं त्यांनी महापालिकेला विचारलं. आपल्या पायाखाली काय आहे हे ठाऊक असलं, की असं विचारता येतं.

अशा टाक्यांतून पाणी चोवीस तास वाहत नाही. विभागाविभागाची वेळ ठरलेली असते. पालिकेचे चावीवाले गल्लोगल्ली हिंडून लांब चाव्यांनी व्हॉल्व्ह फिरवतात. इकडचं बंद, तिकडचं सुरू. मुंबईच्या बाईचं घड्याळ या चावीवर चालतं. कुठे पहाटे चारला पाणी, कुठे दुपारी. पिंप भरायचं, कळशी भरायची, कपडे भिजवायचे, आणि मग डबा करून ८ ची लोकल गाठायची. टेकडीवर किंवा नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला घर असेल तर धार करंगळीएवढी. मोठ्या इमारतींत खाली टाकी, वर टाकी, मध्ये पंप. तिथल्या बाईला पहाटे उठावं लागत नाही. पण वीज गेली की पंप बंद, आणि वरच्या टाकीत उरलं असेल तेवढंच पाणी आपलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी पिंप भरून ठेवणाऱ्या सासूबाईंची चेष्टा कुणी केली नसेल.

सहलीचा शेवट गोरेगावला करा. तिथे मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. मृणालताई १९६१ मध्ये महापालिकेत निवडून आल्या. गोरेगावची वस्ती वाढत होती आणि नळ कोरडे होते. ताईंनी बायकांना एकत्र केलं, हंडे घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात नेलं, आणि लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे त्या आमदार झाल्या, १९७७ मध्ये खासदार झाल्या, पण नाव चिकटलं ते पाण्याचंच. २०१२ मध्ये त्या गेल्या. पाणी पुरुषांनाही लागतंच. पण ते नसलं की कुणाची झोप मोडते, हे त्या मोर्च्यातल्या रिकाम्या हंड्यांनी न बोलता सांगितलं.

ते मागणं थांबलेलं नाही. सन २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. तिथल्या बायका ड्रमभर पाण्याला पक्क्या घरातल्या बाईपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत होत्या. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर अनधिकृत आहे म्हणून ते नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' असं धोरणही आणलं. निकाल लागला म्हणून नळ आपसूक येत नाही, अर्ज करावा लागतो, खेटे घालावे लागतात. पण आता मागणारीच्या हातात कागद आहे.

तेव्हा परत आलात की आपल्या गावाकडे याच नजरेनं पाहा. आपलं पाणी कुठल्या धरणातून, कुठल्या विहिरीतून येतं? टाकी कुठे आहे? शेवटची साफ कधी झाली? वाटेत कुणाचं गाव कोरडं राहतं? नगरपालिकेत जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, गल्लीतल्या चौघींना बरोबर घ्या. तक्रार तोंडी सांगू नका. लिहून द्या, पाणी येण्याच्या दिवस-वेळांची आठवडाभराची नोंद जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. बिल अवाच्या सवा आलं तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहा. फिरत असेल तर गळती आपल्याच घरात आहे. फिरत नसेल तर मागची बिलं घेऊन बेलाशक भांडा.

आणि नणंदेच्या घरी पहाटे चारला बादलीचा आवाज झाला, तर कूस बदलून झोपू नका. उठा, एक पिंप तुम्ही भरा. वन्संना तेवढीच मदत!